गणाजी मापारी आणि त्यांचे वलंदेज

प्रथम माफी मागतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कागदावर काही उमटवले असेल तर तो शाईचा अंगठा. तेवढ्याच पुंजीवर मी एका माणसाविषयी लिहायला बसलो आहे, आणि तो माणूसही असा, की ज्याने कधी सभा गाजवली नाही, तुरुंग पाहिला नाही, देऊळ बांधले नाही. आमच्या कॉलेजच्या नियतकालिकाचे संपादक म्हणाले, तुझ्या गावाकडच्या एखाद्या थोर व्यक्तीवर लिही. मी बरेच दिवस थोर व्यक्ती आठवून पाहिल्या. शेलूबाजारात मोठे जमीनदार आहेत, कापसाचे व्यापारी आहेत. पण लेखणी हातात घेतली की दर वेळी गणाजी मापारीच पुढे येऊन बसत आणि म्हणत, "लिही बापा, लिही." ते थोर होते की नाही हे मला ठरवता येत नाही. वाचणाऱ्यांनीच माप काढावे.

मापारी म्हणजे बाजारात धान्य मोजून देणारा माणूस. विकणारा एका अंगाला, घेणारा दुसऱ्या अंगाला, मधे ज्वारीची रास, आणि राशीपाशी एक गुडघा टेकून बसलेले गणाजी. पायली भरायची, वरून तळहात फिरवायचा, ओतायची. हात सैल राहिला तर पायलीवर शीग, म्हणजे काठावरचा ढीग, चढते आणि विकणारा बोंब मारतो. हात दाबून फिरला तर घेणारा. गणाजींचा हात कोणाकडे झुकला असे कधी ऐकले नाही. त्यामुळे दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर सारखेच नाराज असत.

मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे. हा सगळ्याच मापाऱ्यांचा रिवाज. आणि प्रत्येक आकडा दोनदा उच्चारायचा, म्हणजे मागून भांडण नको. "लाभ रे लाभ, दोन रे दोन, तीन रे तीन." बाकीचे मापारी बाजार उठला की हे विसरून माणसात येत. गणाजी येत नसत. त्यांच्या बोलण्यातून 'एक' हा आकडाच गेला होता. त्यांना लाभ दिवस ताप येई, ते बैलगाडीला लाभ बैल कमी आहे म्हणत. दोनदा म्हणण्याचे तर पक्केच झाले होते. 'उद्या येतो' असे ते म्हणाले तर येतीलच असे नाही. पण 'येतो, उद्या येतो' म्हणाले, तर अडाण नदीला पूर असला तरी येत. गणाजींनी दोनदा म्हटलेली गोष्ट खोटी झाली असे आमच्या आळीत कोणी दाखवून द्यावे.

तळहात फिरवण्याचेही तेच. जेवायला बसले की पानातल्या भातावरून त्यांचा हात आपोआप फिरे आणि मूद सपाट होई. त्यांच्या शेजारी सारजाबाई राहत. घाण्याचे तेल विकणाऱ्या विधवा बाई, वयाने गणाजींहून मोठ्या आणि जिभेने सगळ्या आळीहून. त्या म्हणत, "अन्नाले काहून चापटा मारून राह्यला, गणाजी? ते काय पळून जाते?" गणाजी खाली मान घालून जेवत.

त्यांना स्वतःचे कोणी नव्हते. मोठ्या दुष्काळात कुठल्याशा मुलखातून माणसे चालत चालत वऱ्हाडात आली, त्यांत हे चार-पाच वर्षांचे पोर होते. एका व्यापाऱ्याच्या कोठारात पोत्यांमागे झोपलेले सापडले. गणपती बसलेले होते म्हणून नाव गणाजी. बापाचे नाव त्याला सांगता आले नाही. बाप पाणी आणायला गेला होता एवढेच ते सांगे.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. भाद्रपदात पितृपंधरवड्यात ज्या घरचे पितर ज्या तिथीला, त्या घरी आळीतले लोक जेवायला जातात. कढी, वडे, खीर होते. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. गणाजींना प्रत्येक घरचे बोलावणे असे आणि ते प्रत्येक घरी जात. पण त्यांच्या दारात पान मांडले जात नसे, कारण त्यांना पितरच नव्हते. महादेवभटांनी, म्हणजे आमच्या गावच्या जोशीबुवांनी, त्यांना किती वेळा सांगितले, की अमावास्येला सगळ्या अज्ञातांचे चालते, बापाच्या नावाने घास टाक. गणाजी टाकत नसत. "ज्याले मेलेला पाह्यला नाई त्याचं पान मांडू नये," ते म्हणत. "थो पानी आनाले गेला हाये." एवढे बोलून ते विषय संपवत.

मात्र ही गोष्ट त्यांना लागत होती. एकदा माझ्या बाबांजवळ ते म्हणाले, "साऱ्यायच्या बापाच्या नावानं जेवलो मी. माह्या दारात कोनी नाई जेवलं." बाबांनी सांगितले, मग कधीही बोलाव, आम्ही येऊ. गणाजींनी मान हलवली. ते जेवण वेगळे आणि हे वेगळे, हे बाबांनाही ठाऊक होते.

अशा माणसाच्या घरी वलंदेज कसे आले ते आता सांगतो.

वाशीमला एका गोऱ्या साहेबाची बदली झाली आणि त्याच्या सामानाचा लिलाव निघाला. आमचे वामनमास्तर शाळेसाठी कपाट मिळते का पाहायला गेले. कपाट उचलायला माणूस हवा म्हणून गणाजींना बरोबर नेले. लिलाव पुकारणारा अकोल्याचा होता आणि हिंदीत पुकारत होता. "एक बार, दो बार, तीन बार." टेबल निघाले, एक बार. खुर्च्या निघाल्या, एक बार. मास्तर सांगतात, गणाजी सकाळपासून नुसते चुळबुळत होते. दर वेळी 'एक' ऐकले की त्यांच्या तोंडावर कोणी चिमटा काढल्यासारखे होई. कपाट तर एका सावकाराने नेले. शेवटी उरली एक मोठी, काच लावलेली तसबीर. तिला कोणी विचारीना. पुकारणाऱ्याने दमून हातोडी उचलली आणि म्हटले, "विलायती तस्वीर. एक बार..."

गणाजी उभे राहिले. हात उंच करून म्हणाले, "लाभ म्हना, साहेब, लाभ."

हातोडी पडली. तसबीर गणाजींची झाली.

मास्तरांनी परतीच्या वाटेवर बैलगाडीत त्यांना सारे समजावून सांगितले, की लिलावात हात वर करणे म्हणजे काय. गणाजींनी ते ऐकून घेतले. मग म्हणाले, "पन त्यानं तरी 'एक' काहून म्हनावं? बोहनीच खराब." तसबीर त्यांनी मांडीवर आडवी धरली होती आणि दर खड्ड्याला तिच्यावर तळहात दाबून ठेवत होते.

गणाजींच्या खोलीत ती समोरच्या भिंतीवर टांगली आणि सगळी आळी पाहायला आली. आजवर आम्ही तसबिरी पाहिल्या त्या देवांच्या. हिच्यात एकही देव नव्हता, कोणाला चार हात नव्हते. एका खोलीत टेबलाभोवती घरची माणसे बसलेली होती. गणाजींनी बोट लावून मोजली. लाभ म्हणजे म्हातारी, मांडीवर काळे पुस्तक. दोन म्हातारा. तीन, उभा असलेला बाप, हातात लांबलचक पांढरी चिलीम. चार, खुर्चीवर बसलेली आई. पाच, आईच्या मांडीवर झालरीचे टोपडे घातलेली तान्ही पोरगी. टेबलाखाली कुत्रे होते. त्याला मोजायचे की नाही यावर बराच वाद झाला आणि न मोजायचे ठरले.

सारजाबाईंनी तसबिरीपुढे बैठक मारून निकाल दिला. बायांच्या डोक्यावर टोप्या आहेत, म्हणजे डोके झाकणारे घर आहे, चांगले आहे. नवरा उभा आणि बायको खुर्चीवर, तेव्हा घरात कोणाचे चालते ते दिसतेच आहे. कुत्रे घरात घेतले हे काही बरे नाही. मग त्यांनी चेहऱ्यांकडे पुन्हा पाहिले.

"एवढा खटला बसला हाये अन् कोनीच हासून नाई राह्यलं. जेवले नसतीन."

ती माणसे खरोखरच भुकेली दिसत होती. टेबलावर एक किटली आणि एक कप, बाकी काही नाही. पाच माणसांत एक कप.

मास्तरांनी तसबिरीखालची बारीक अक्षरे वाचली. हॉलंड असे लिहिले होते आणि साल होते. हॉलंडचे लोक म्हणजे वलंदेज, ते पूर्वी आपल्याकडे व्यापाराला येत, असे त्यांनी सांगितले. गणाजींनी विचारले, कशाचा व्यापार? मास्तर म्हणाले, मिरे, लवंगा. गणाजींनी विचारले, मोजून घेत होते? मास्तर म्हणाले, मोजल्याशिवाय कोण घेतो? त्यावर गणाजी उठले आणि बापाचा चेहरा जवळून पाहून आले. "मंग मापारी असन," ते म्हणाले. "हात पाहा त्याचा. सपाट हाये."

पावसाळा सरत आला, भाद्रपद आला, आणि सारजाबाई एक दिवस सहज बोलून गेल्या, की इतके महिने तुझ्या घरात बसली आहेत ही माणसे, उपाशी तोंडाने, निदान अमावास्येला एक घास तरी टाक. त्या थट्टेने बोलल्या होत्या. गणाजी थट्टेने ऐकत नसत. ते तसेच उठले आणि तसबीर खांद्यावर घेऊन महादेवभटांच्या ओसरीवर गेले.

मी तेव्हा तिथे होतो, बाबांचा काही निरोप घेऊन गेलो होतो, म्हणून हे मला शब्दशः आठवते. महादेवभट सुपारी कातरत होते. म्हणाले, पितर होण्याला गोत्र लागते. यांचे गोत्र काय?

"कोनाले माहीत?"

"ज्याचे गोत्र माहीत नाही त्याचे काश्यप. असे शास्त्र आहे. तुझे काय?"

"माहं बी माहीत नाई."

"म्हणजे काश्यप." अडकित्ता थांबला. भटजींनी एकदा तसबिरीकडे पाहिले, एकदा गणाजींकडे. "म्हणजे रे, तुम्ही सगोत्र झालात की."

शब्द तोंडातून निघून गेला होता. महादेवभट चांगले माणूस होते, निघालेला शब्द मागे घेणे त्यांना जमत नसे. गणाजी तसबीर उचलून घरी आले ते भाऊबंद घेऊनच आले.

अडचण काढली ती वामनमास्तरांनी. ते म्हणाले, गणाजी, तूच म्हणतोस ना, मेलेला पाहिला नाही त्याचे पान मांडू नये? मग हे मेलेत कशावरून? गणाजींचा चेहरा उतरला. मास्तरांना लगेच वाईट वाटले. त्यांनी फळ्यावर करावे तसे जमिनीवर खडूने गणित केले. म्हातारा-म्हातारी राहिलीच नसणार. बापाने शंभरी ओलांडली असती, आईने गाठली असती. एवढे कोणी जगत नाही, हॉलंडातसुद्धा. हिशेबाने ती चौघे वारली, यात शंका नको.

"अन् पोरगी?"

मास्तरांनी पुन्हा वजाबाकी केली. पोरगी आता साठीच्या पुढे असेल. असू शकेल. थंड देशात माणसे टिकतात.

"मंग पोरीचं पान नाई," गणाजी म्हणाले. "नाई, पोरीचं नाई." त्यांनी दोनदा म्हटले तेव्हाच ते ठरून गेले.

अमावास्येच्या दिवशी सारजाबाईंनी स्वयंपाक केला. तसबीर अंगणात खुर्चीवर ठेवली होती. गणाजींनी पळसाचे एक पान चौकटीत खोचून पोरगी झाकून टाकली, कावळ्याने चुकून तिला मोजू नये म्हणून. समोर चार पत्रावळी मांडल्या. आळीतली सगळी घरे आली होती, आमचेही. गणाजींनी नवे धोतर नेसले होते आणि दारात उभे राहून प्रत्येकाला ते "या, बसा, बसा" म्हणत होते. इतकी वर्षे हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. आता सगळे अडले होते कावळ्यावाचून. पितरांच्या पानाला कावळा शिवल्याशिवाय कोणाला जेवता येत नाही.

कावळा येईना. कडुलिंबावर तीन बसले होते, पण खाली उतरायचे नाव नाही. पुरुष मंडळी काव काव करून दमली. महादेवभट म्हणाले, बापाच्या हातात चिलीम आहे, तंबाखूची वासना असेल. कोणी तरी चिलीम भरून पानाशी ठेवली. कावळ्यांनी तिकडे पाहिलेही नाही. मास्तर म्हणाले, ते लोक आपली भाषा कशी समजतील? आणि स्वतः कडुलिंबाखाली उभे राहून, अतिशय गंभीर चेहऱ्याने, कावळ्यांना इंग्रजीतून 'कम, कम' म्हणू लागले. आमची सगळी शाळा तिथे होती. कावळा तर आला नाही, वर आळीतले एक कुत्रे मात्र आले, आणि तसबिरीतल्या टेबलाखालच्याला बोलावणे पोचले असे कोणी म्हणताच इतका वेळ भुकेने गप्प बसलेली माणसे हसली. गणाजी हसले नाहीत. दुपार कलत होती. त्यांच्या कपाळावर घाम होता. ज्याच्या दारचे पान कावळ्याने नाकारले त्याच्या दारी पुढल्या वर्षी कोण येईल, असे त्यांच्या मनात चालले असावे.

सारजाबाई चुलीपासून उठून पाहायला आल्या आणि पत्रावळींपुढे थबकल्या. चारही पानांवरचा भात वरून सपाट होता. गणाजींनी वाढता वाढता सवयीने हात फिरवला होता.

"काय करून ठेवलं हे?" त्या म्हणाल्या. "बाजार हाये का हा? घरच्या मान्साले काठोकाठ मोजून वाढते का कोनी? शीग लाव."

आयुष्यात गणाजींनी कोणाला शीग दिली नव्हती. मग ते गुडघा टेकून बसले आणि ओंजळीने भात उचलून पहिल्या पानावर घातला. आणखी घातला. भात घसरू लागला तरी हात थांबेना. "लाभ रे लाभ," ते पुटपुटत होते. तिसऱ्या पानाला हात गेला तोच मागे फडफड झाली आणि म्हातारीच्या पानावरचा वडा कावळ्याने उचलला.

त्या दिवशी आम्ही जे जेवलो तसे मी अजून कुठे जेवलो नाही. गणाजी शीग लावून वाढत होते आणि नको म्हणणाऱ्याचा हात बाजूला सारत होते.

पुढे हे दरसाल होऊ लागले. 'वलंदेजांचे पितर' ही शेलूबाजारची एक तिथीच झाली. परगावच्या पाहुण्यांना त्यात काही वावगे वाटले तर आमच्याकडचे लोक त्यांनाच अडाणी ठरवत.

एकदा किन्हीराजाची मंडळी गणाजींसाठी स्थळ घेऊन आली. चांगली, थोराड, कष्टाळू बाई होती. सारजाबाईंनीच जुळवून आणले होते. मुलीच्या बापाने भिंतीवरची तसबीर पाहिली आणि कोण म्हणून विचारले. गणाजी म्हणाले, भाऊबंद. तो म्हणाला, लांबचे दिसतात. गणाजी म्हणाले, "लांबचे, लय लांबचे." इथवर सारे बरे चालले होते. मग मुलीच्या बापाने आपले गोत्र सांगितले. काश्यप.

महादेवभटांना बोलावले. ते घामाघूम झाले. सगोत्रात लग्न बसत नाही हे त्यांना म्हणावेच लागले, पण लगेच त्यांनी वाटही काढून दिली. गणाजीचे गोत्र मुळात नाहीच, ते मी तोंडी दिले होते, दुसरे देतो. भारद्वाज घे, वसिष्ठ घे, हवे ते घे. सारजाबाईंनी डोळ्यांनी गणाजींना खुणा केल्या. गणाजींनी बराच वेळ तसबिरीकडे पाहिले.

"मंग हे माहे कोन?" त्यांनी विचारले.

मंडळी चहा पिऊन किन्हीराजाला परत गेली. सारजाबाई सहा महिने गणाजींशी बोलल्या नाहीत, फक्त भाकरी देत राहिल्या.

मी मॅट्रिक झालो आणि अमरावतीला कॉलेजात जायचे ठरले, तेव्हा गणाजी आमच्या घरी आले. मला वाटले आशीर्वाद द्यायला आले. ते म्हणाले, तिथे मोठी मोठी पुस्तके असतील, हॉलंड माहीत असलेले लोक असतील. "तेवढं पोरीचं इचारजो."

मी कॉलेजात सहा महिने धीर गोळा करत होतो. शेवटी आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांना गाठले आणि तसबिरीखालची अक्षरे लिहून आणलेली त्यांना दाखवली. ते मला हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, हे मूळ रंगवलेले चित्र असणार, गेल्या शतकातले, आणि तुमच्याकडे आहे ती त्याची छापील प्रत. अशा प्रती छापून विकत. माणसांची नावे आता कळणे कठीण.

सुट्टीत मी गणाजींना हे सांगितले. ते खट्टू होतील असे वाटले होते. त्यांनी विचारले, "म्हंजे लोकायच्या घरी बी हायेत हे?"

असतील, मी म्हणालो, पुष्कळ घरी.

"तिथं कोनी जेवाडते का?"

मी म्हणालो, नसावे.

"मंग आपलंच घर," ते म्हणाले. त्या वर्षी त्यांनी पानांवर आणखी मोठी शीग लावली.

लढाई सुरू झाली त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात मी घरी होतो. मास्तरांकडे वर्तमानपत्र दोन दिवस शिळे येई. जर्मन फौजा हॉलंडात शिरल्या असे त्यात होते. मास्तरांनी ते गणाजींना सांगायचे नाही असे ठरवले होते, पण बाजारात काय लपते? गणाजी रोज संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसू लागले. लढाईत कोण जिंकले याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. तसबिरीतल्या पोरीने, आता पंचाहत्तरीच्या झालेल्या बाईने, अशा वेळी कुठे जावे, तिला कोणी उचलून नेणारे असेल का, तिकडे पाणी जवळ असते का, असले प्रश्न ते विचारत. मास्तर नकाशा काढून दाखवत, हॉलंडात पाणीच पाणी आहे. त्याने गणाजींना जरा बरे वाटे.

सारजाबाईंनी त्यांना एकदा टोकले. म्हणाल्या, मेली असेल रे म्हातारी कधीची, कशाला जिवाला लावून घेतोस, यंदा तिचेही पान मांड आणि मोकळा हो. गणाजी त्यांच्यावर कधी रागावत नसत. त्या दिवशी रागावले. "तुमी पाह्यली का मेलेली?" ते म्हणाले, आणि पळसाचे पान, जे एरवी अमावास्येपुरतेच तसबिरीवर असे, ते त्यांनी वर्षभरासाठीच खोचून ठेवले.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते दिवाळीची सुट्टी संपवून निघताना. मोटार शेलूबाजारच्या वडाखाली उभी होती. गणाजी पायली घेऊन आले. तीत ज्वारीच्या लाह्या होत्या. मी पिशवी पसरली, त्यांनी ओतली, तरी पायलीत उरल्या, म्हणून त्या त्यांनी माझ्या सदऱ्याच्या खिशात भरल्या. हिवतापाने गाल बसले होते. म्हणाले, "कालेजात अखबार ताजा येत असन. पोरीचं पाह्यत जाजो." मोटार हलली. मागे पाहिले तर धुळीत त्यांचा एक हात वर होता. लिलावात त्यांनी हात कसा केला असेल ते मला तेव्हा कळले.

त्यानंतरची बातमी मला फार उशिरा कळली. परीक्षा होती म्हणून घरून कोणी कळवले नव्हते. परीक्षा संपली आणि वामनमास्तर डोळे दाखवायला अमरावतीला आले, तेव्हा वसतिगृहाच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितले. गणाजी पौषात गेले. ताप होता, चार दिवस. माझ्या बाबांनी पाणी दिले. दहाव्याला सगळा बाजार अडाण नदीवर आला होता, व्यापारी, शेतकरी, ज्यांचे ज्यांचे धान्य त्यांनी मोजले होते ते सगळे.

पिंडाला कावळा शिवेना.

पिंड चांगला मोठा केला होता, शीग लावून. सारजाबाईंनी स्वतः पाहिले होते. तरी कावळे दूर वाळूत बसून राहिले. बाबा म्हणाले, गणाजी, तसबीर आम्ही सांभाळू. कावळा हलला नाही. महादेवभट म्हणाले, तुझ्या भाऊबंदांचे पान मी जिवंत आहे तोवर मांडीन. कावळा हलला नाही. व्यापाऱ्यांनी काय काय कबूल केले. ऊन चढले. शेवटी सारजाबाई पुढे आल्या. त्यांनी पदर सावरला आणि पिंडाकडे पाहून, भांडणाच्या सुरात, म्हणाल्या:

"पोरीवरच्या पानाले कोनी हात लावनार नाई, गणाजी. थे हाये. जित्ती हाये."

मास्तर म्हणाले, बाईंचे शब्द संपायच्या आत कावळा आला.

तसबीर आता सारजाबाईंकडे आहे, पळसाचे पान सुकले की त्या नवे खोचतात, असे मास्तरांनी सांगितले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि जरा संकोचून, जणू त्यांनाच नव्हे तर गावात सगळ्यांना हवे असल्यासारखे, मला विचारले, की तुला इथे काही कळले का रे, पोरीचे?

मला काहीच कळले नव्हते.

"हाये, मास्तर," मी म्हणालो. "हाये."